छापील कागदावरची सही

जुन्नर
२१ फेब्रुवारी २००५

प्रिय अंजनावहिनी,

सप्रेम जयभीम. काल निघताना तुम्ही पिशवीत घातलेल्या वालाच्या शेंगा आज डब्यात नेल्या. प्रबुद्धचा खोकला थांबला का? उलट्या होत असल्या तरी उपाशी राहू नका.

इथे लॅबमधल्या कॉम्प्युटरनं जीव नकोसा केलाय. एकाच नावाच्या दोन बायका आल्या, की एकीचा रिपोर्ट दुसरीच्या नावावर छापून येतो. पुण्याच्या कंपनीला फोन केला, तर इंजिनिअर म्हणतो, "मॅडम, तुम्हीच चुकीचं भरताय. बंद करून चालू करा." डॉक्टरही त्याचंच ऐकतात. हातानं निकाल लिहायची माझी वहीसुद्धा त्यांनी बंद करायला लावली.

गेल्या आठवड्यात येडगावची अक्षदा बाळंत झाली. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असलं, तर तीन दिवसांच्या आत इंजेक्शन द्यावं लागतं. नाहीतर पुढच्या बाळाच्या जिवावर बेततं. अक्षदाचं रक्त मी स्वतः तपासलं होतं. निगेटिव्ह. बाळाचं पॉझिटिव्ह. कॉम्प्युटरनं तिचंही पॉझिटिव्ह छापलं आणि मी सही केली. पुन्हा बोलणी खायची भीती वाटली, वहिनी.

तिसऱ्या दिवशी राहवेना. जीप पकडून तिच्या घरी गेले. सासू सारजाबाई दारातच म्हणाली, "घरी सोडलं न्हवं? मग आता परत रगत कशाला? काय झालंया माझ्या सुनंला?" तिथेच तपासलं. निगेटिव्हच. तशीच तिला दवाखान्यात आणली. इंजेक्शन मिळालं तेव्हा मुदतीचे दोन तास उरले होते.

तेव्हापासून माझा डोळा लागत नाही. प्रबुद्धच्या वेळचं तुमचं बाळंतपणही इथलंच. त्या आठवड्यात आणखी एक अंजना तपासायला आली होती.

काल हिमोग्लोबिन बघते म्हणून तुमच्या बोटातून रक्त घेतलं. अकरा आहे म्हणाले, ते खरंच आहे. पण मी रक्तगटही पाहिला. वहिनी, तुम्ही निगेटिव्ह आहात. प्रबुद्ध पॉझिटिव्ह. तुम्हाला इंजेक्शन दिलेलंच नाही. हे कळल्यावर मी तुमच्या हातचा चहा प्याले आणि गप्प बसले. फोनवरही मला हे सांगवलं नसतं, म्हणून लिहिते.

पोटातल्या या बाळाला काही होईलच असं नाही. पुण्यात एक तपासणी होते, तिच्यात कळतं. गुरुवारी पहिल्या गाडीनं येते, दोघी जाऊ. दादाला मीच सांगेन. इथे डॉक्टरांना सगळं लेखी दिलंय. नोकरी राहील असं वाटत नाही.

तुमच्या त्या पॉझिटिव्ह छापलेल्या कागदावर न पडताळता केलेली सही माझीच आहे.

गुरुवारी तुमच्या दारात उभं राहायला घाबरणारी, पण येणारी,
प्रतीक्षा