बंद मोटारीतला आवाज

सुपा, रविवार

तीर्थरूप हन्नाताईस,

धाकट्या गिदोनचा सलाम. भंडारदऱ्याच्या थंडीत तुझे गुडघे कुरकुरत असतील आणि तू ते कुणाला सांगत नसशील, असं धरून चालतो. इकडे तुझी भावजय नॅन्सी ठीक, दुकान ठीक. मी ठीक आहे की नाही ते खाली येईलच. (फोन असताना पत्र का, तेही येईल.)

माझं काम ऐकण्याचं, हे तुला माहीत आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक विहिरीवरच्या मोटारीला, मूठ कानाला, दुसऱ्या कानात बोट आणि डोळे बंद. एवढ्यावर आठवी नापास माणसाने सुप्यात दोन शटरचं दुकान काढलं. मागच्या आठवड्यात बन्सीच्या विहिरीवर उन्हाळ्याआधीच्या तपासणीला गेलो होतो. ऐकतो तर मोटारीत ठोका, ठोक्यामागे ‘फुस्स’. (इलेक्ट्रिक मोटारीला ठोका नसतो, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं.) बेरिंग बदललं, तरी फुस्स. फुटव्हॉल, म्हणजे चढवलेलं पाणी परत विहिरीत उतरू नये म्हणून पाइपाच्या तोंडाला असतो तो, नवा घातला, तरी फुस्स. मध्येच मोटारीची घरघर एकदम थांबली. मला वाटलं, बेरिंग काय सुंदर बसलंय. फुस्स मात्र चालूच. शेवटी बन्सी म्हणाला, “मेस्तरी, लाईट जाऊन पाव तास झाला. तुमी ऐकताय काय?”

मी माझंच ऐकत होतो, ताई.

नगरला डॉक्टर मुबश्शिरा म्हणून आहेत. त्यांनी छातीला नळी लावली आणि त्यांनाही तेच ऐकू आलं (कान चांगले आहेत पोरीचे). मग कागदावर चित्र काढून दाखवलं. तुला हे पाठ आहे, तरी माझ्या भाषेत ऐक. हृदय म्हणजे एकाच केसिंगमध्ये दोन पंप. उजवा पंप अंगभर फिरून आलेलं, वापरलेलं रक्त घेतो आणि शेजारच्या फुफ्फुसांत ढकलतो. तिथे हवा भरून घेतली की ते परत हृदयातच येतं, पण डाव्या पंपात, आणि तो ते टाळूपासून टाचेपर्यंत पोचवतो. मी म्हटलं, हा वळसा कशाला, फुफ्फुसातून परस्पर पुढे पाठवा की. त्या म्हणाल्या, “काका, तिथल्या नळ्या केसापेक्षा बारीक. त्यांतून गेल्यावर जोर उरत नाही, आणि आधीच जास्त जोर लावला तर त्या टिकत नाहीत.” पटलं. मलाही अशीच जोडणी करावी लागली असती.

व्हॉल एकूण चार. माझा डाव्या पंपातला, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला, नीट मिटत नाही. रक्त उलटं फुफ्फुसांकडे सरकतं, म्हणून जिना चढताना मला दम लागतो. (नॅन्सीला मी गॅस सांगितलाय.) अठ्ठावन्न वर्षं सर्व्हिसिंगशिवाय चाललेल्या मालाबद्दल माझी तक्रार नाही. पण व्हॉल बदलेपर्यंत पंप बंद ठेवतात आणि रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवतात, हे ऐकलं आणि मी खुर्चीखाली चप्पल शोधू लागलो. जुनी मोटार चालतेय तोवर थांबवू नका, एकदा थांबली की उचलत नाही, असं तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. विचार करून सांगतो म्हणालो आणि एसटी पकडली.

बाकी, मला तुझ्या प्रार्थनेत असू दे.

तुझा,
गिदोन

ता. क. – बन्सीच्या मोटारीला मुळात काहीच झालं नव्हतं. पण मी बंद मोटारीतला दोष ऐकतो, असं तो गावभर सांगतोय, आणि तीन नवी गिऱ्हाइकं आली.

ता. क. २ – पाकीट चिकटवायला नॅन्सीकडे दिलं, तर तिने सगळं वाचलं. म्हणाली, “गॅसला नगरचा डॉक्टर लागतो व्हय?” मग मला न विचारता तिने डॉक्टरबाईंना फोन करून ऑपरेशनची तारीख घेतली. येत्या वीस तारखेची.

ता. क. ३ – आता खरं काम. तू बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होतीस. थांबवलेलं हृदय पुन्हा उचलतं का, एवढं वीसच्या आत एका ओळीत लिहून पाठव. फोन करू नकोस. खोटं बोलताना तुझा आवाज कसा होतो, ते मला लहानपणापासून ऐकू येतं. कागदावर लिहिलेलं मात्र मी मानीन.