नवे बूट, तुझेच पाय

आई, माझे पाय आता हुबेहूब तुझ्यासारखे झालेत. अंगठा शेजारच्या बोटावर चढलाय, त्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, आणि पंजा इतका रुंद की दुकानदार आधी पायाकडे बघतो, मग माझ्या तोंडाकडे. तुझा गोरा रंग धाकटीला दिलास आणि मला हे! आठवीत आपलं माप एक झालं, आठवतं? शाळेचे नवे बूट आणले की तू म्हणायचीस, "आण हिकडं. तुझ्या पायाला फोड न्हाई यायचा." मग चिखलीच्या घरात साडी वर खोचून, पायात माझे काळे बूट चढवून तू ओट्याशी भाकऱ्या थापते आहेस, आणि शेजारची काकू दारातून विचारते आहे, "काय गं, परेडला निघालीस व्हय?" तू हसतेस, पण टाच उचलून पाय मोकळा करतेस. आठ दिवसांनी बूट मऊ होऊन माझ्याकडे यायचे. संध्याकाळी तू हाडाला तेल चोळत बसायचीस. मी म्हणायचे, राहू दे ना. "गप. मला सवय हाय," एवढंच.

आता मी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहे, उभ्याने काम. नव्या नियमाने लाईनवर सेफ्टी शूज घालावेच लागतात. त्यांच्या पुढच्या भागात लोखंडी टोपी असते, ती नेमकी माझ्या हाडावर बसते. स्टोअरवाला म्हणाला, "मॅडम, जेंट्सचे मोठे घ्या, दोन मोजे चढवा." घातले, तर टाच निसटून मी जिन्यात पडले. बुटात घालायचे मऊ तळवे झाले, महागडे बूट झाले, कासारवाडीच्या चांभाराने साच्यावर ताणूनही पाहिले. तो म्हणाला, "ताई, चामडं ताणीन, लोखंडाला काय करू?" डॉक्टर ऑपरेशन सांगतात, मग तीन महिने घरी. कंत्राटवाल्याला तीन महिने जागा राखायला सांगायचं म्हणजे झालंच! शुक्रवारी मोजा रक्ताने भिजला. लाईनवरचा साहेब पोरगा भला आहे, मान खाली घालून म्हणाला, "ताई, सोमवारी बूट घालून उभं राहता येत असेल तरच या." बसून करायचं काम मागितलं. नाही म्हणाला.

आज रविवार. सकाळपासून बूट घालून घरात फिरले. दुपारी पायात घालवेना, तेव्हा लेकीसमोर रडले आणि म्हणाले, माझी आई असती तर ही वेळ आली नसती. तू गेल्यापासून काहीही बिघडलं की मी हेच म्हणते, आणि तेवढ्यावर माझं निभतं. पण आत्ता हे लिहिताना बुटाच्या टोकावर हाताच्या अंगठ्याने जोर लावून बघितला, लोखंड जराही दबलं नाही. तू असतीस, तरी हे बूट सैल झाले नसते गं. लेकीला हे सांगणार नाही. तुलाही सांगायचं नव्हतं.