सहावं बोट

प्रिय रुबिएल,

आपल्या कास्तिया वस्तीत सगळं ठीक आहे, म्हणजे तू सोडून गेलास तेव्हा होतं तितपत ठीक. शेजारचा खाटीक गेला, त्याच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला आलाय. आधी भिंतीतून सुरा ऐकू यायचा, आता गिऱ्हाइकांची भांडणं ऐकू येतात, त्यामुळे माझी करमणूक वाढली आहे. गुडघा कुरकुरतो. छापताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना पळायचं वय राहिलं नाही, म्हणून टेबलच भिंतीपासून ओढून घेतलं आणि मी भिंत आणि टेबलाच्या मध्ये एकाच जागी उभा राहून छापतो. पास्तोच्या थंडीत तू रंगवलेले संत लवकर वाळत नसतील. इथे शाई अजूनही बोलता बोलता वाळते.

धंदा बरा चाललाय. ज्या पोरांना मी काळ्या शर्टात, मानेपर्यंत केसांत पाहिलं ती आता टकली झाली आहेत आणि आपल्या मुलींना काळे शर्ट घालून आणतात. पोस्टरवर बँडची नावं अजून तशीच, वाळक्या काटेरी झुडपात कोंबडी अडकल्यासारखी. परवा एका बँडचं पोस्टर छापलं. मी विचारलं, बाबांनो, नाव काय तुमचं? गाणारा म्हणाला, ‘‘मास्तर, वाचता येतंय का?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘मग बरोबर आहे, छापा.’’ हाडांचा रंग मी अजून तसाच कालवतो, पांढऱ्यात चिमूटभर पिवळा आणि त्याहून कमी तपकिरी. काळ्यात थोडा निळा. नुसता काळा कागदावर मेलेला दिसतो. एका पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘मेलेलाच तर हवाय!’’ त्याला दोन्ही छापून दाखवले. त्याने निळा उचलला.

आता मुद्द्याचं. बोगोतातली एक कंपनी ‘बार्रो मुएर्तो’ बँडची पहिली तबकडी पुन्हा काढतेय. कव्हर हाताने छापलेलं हवं, आणि पहिलं माझ्याच टेबलावर छापलेलं, म्हणून काम माझ्याकडे आलं. कंपनीची युलियाना नावाची मुलगी चित्राची नवी फिल्म घेऊन आली. चुणचुणीत पोरगी, बोलताना हातातला कॉफीचा कप हलवते आणि थेंबही सांडत नाही. मी फिल्म उजेडाच्या काचेवर ठेवली. तीच चिखलाची दरी, तेच वाकलेले खांब, आणि मधोमध मातीतून वर आलेला हाडांचा डावा हात. सगळं तुझंच, फक्त जास्त स्वच्छ. मग बोटं मोजली. पाचच.

मी म्हटलं, पोरी, येताना बसमध्ये एक बोट सांडलं का? ती हसली. ‘‘अहो मास्तर, ती तर चूक होती! चित्रकारांनीच सांगितलं, आता निघतंय तर दुरुस्त करून टाका.’’ मी विचारलं, चूक हाच शब्द वापरला त्याने? ‘‘हाच. मी स्वतः बोलले त्यांच्याशी फोनवर. फार शांत माणूस आहे.’’ शांत आहेस हे मला माहीत आहे.

तुझ्या भावाच्या डाव्या हाताला करंगळीशेजारी ते जादा बोट होतं, त्यावरून पोरांनी अल्बेइरोला किती छळलं ते तुला सांगायला नको. ‘‘ए अल्बेइरो, तुझ्या ठेक्यात एक ठोका जास्त का येतो रे? बोट मोज!’’ आणि तो ड्रममागून काठी फेकून मारायचा, बहुतेक तुलाच लागायची. त्याला ठार मारणारेही मोजण्यात चुकले. ते वरच्या गल्लीतल्या दुसऱ्या अल्बेइरोसाठी आले होते, आणि हा आपला बसथांब्यावर उभा होता. त्या वर्षी आपल्या भागात फुलं विकणाऱ्यांना उसंत नव्हती, त्यामुळे कुणी फार चौकशी केली नाही. दफनाच्याच आठवड्यात तू चित्र घेऊन आलास. मी त्यावरून छपाईची जाळी केली, उजेडात धरली, पाण्याखाली धुतली, आणि पाण्याच्या धारेत तो हात एक एक बोट करून उघडत गेला. तू भिंतीकडे बघत होतास. मी नळ बंद केला आणि आपण छापायला लागलो.

त्यानंतर लोकांनी त्या बोटाचं काय काय केलं! सहा म्हणजे सैतानाचा आकडा, हे तर झालंच. बेयोहून एक दांडगा माणूस आला, पाठभर तोच हात गोंदवलेला. ‘‘मास्तर, खरं सांगा, याचा गुप्त अर्थ काय?’’ मी म्हटलं, ड्रमवाल्याचा हात आहे. तो इतका हसला की शर्ट घालायचा विसरला. तुलाही असे फोन येत असणार. पंधरा लोकांना सैतान समजावून सांगण्यापेक्षा एकदा चूक म्हणून टाकणं सोपं. शिवाय तुझ्या संतांना पाचच बोटं लागतात. मला समजतं, रुबिएल. गिऱ्हाइकाने सांगितलं तर मी बिनदाढीचा ख्रिस्तही छापीन. दुसऱ्या दिवशी पाच बोटांचीच जाळी करायची असं मी ठरवलंही होतं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई आली. दोन्या एदेल्मिरा आता काठी घेते, पण ती टेकायला कमी आणि कुत्र्यांना दाखवायला जास्त. मक्याच्या अरेपा आणल्या होत्या, अजून गरम. तिच्या दिवाणखान्यात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी त्या कव्हरचं जुनं पोस्टर आहे, ते उन्हाने विटलं म्हणून नवं हवं होतं. तू तिला सांगितलं होतंस ना, की ते नुसतं भूत आहे, बँडला असलं लागतं? मध्यंतरी नवे फादर घराला आशीर्वाद द्यायला आले आणि दारातच थबकले. ‘‘दोन्या, येशूच्या शेजारी हे सैतानाचं काय?’’ तर ही म्हणाली, ‘‘सैतान असेल तुमच्या गावी. हा माझा धाकटा आहे. पाणी शिंपडा आणि त्यालाही शिंपडा.’’ फादरनी शिंपडलं. हे तिने मला अरेपाला लोणी लावता लावता सांगितलं, जणू मला ठाऊकच असणार.

मग तिची नजर काचेवर गेली. फिल्म तिथेच होती, दिवा चालू होता. मी दिवा बंद करायला उठलो, पण गुडघा आधी उठायला हवा ना. तिने चष्मा वर केला, एप्रनला हात पुसले आणि काचेवर तळवा ठेवला. ‘‘हे कुणाचं?’’ मी म्हटलं, तेच ते, नवीन. ‘‘तेच नाही हे, एव्हेलिओ. मला शिकवू नकोस. तो जन्मला तेव्हा सुईण म्हणाली, दोरा बांधू, आठवड्यात वाळून गळून पडेल. मी म्हटलं, हात लावून बघ, तुझंच बोट गळेल. तेव्हा मी नाही पाडू दिलं. मग आता कुणी पाडलं?’’

मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, बोगोताच्या लोकांचं काहीतरी आहे, विचारतो. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि डबा उचलून गेली. पोस्टर न घेता गेली. आता रोज येते. खुर्ची टाकून दाराशी बसते आणि विचारते, ‘‘आलं का उत्तर?’’

म्हणून हे पत्र. युलियानाला मी थांबवलं आहे, तिला सांगितलं की शाई मिळत नाही. जुनी फिल्म माझ्याकडे होतीच, तिच्यावरून जाळी केली आहे, सहा बोटांची. पाच करणं काही अवघड नाही. जाळीची भोकं बुजवायचं ते लाल द्रावण शेल्फवर आहे, लहान ब्रशही धुऊन ठेवलाय. करंगळीशेजारी एक फटकारा मारला की झालं, वाळलं की मी छापायला घेईन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. पण तो फटकारा मी मारणार नाही आणि बोगोताच्या कुणालाही मारू देणार नाही. पास्तोहून बस निघते. ये आणि तूच मार. दोन्या एदेल्मिरा समोर बसलेली असेल.

वाट बघणारा, तुझाच,
एव्हेलिओ