लिंबाची बी

माधव नगर, उज्जैन
२ जुलै १९९४

प्रिय गोपाळ,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, इतकी चिडले आहे मी. दुकानात बोलायला आले, तर "ताई, बाद में" म्हणून गिऱ्हाइकाकडे वळलास. म्हणून लिहिते. हे तरी पुरतं वाच.

फ्रीगंजमधलं दुकान जोरात आहे, छान. रोज नव्या कंपनीचा रंगीत टीव्ही येतो आणि तू प्रत्येकावरून लिंबू उतरवून, कापून, मगच तो चालू करतोस. टीव्हीला चालत असेल. माझी तक्रार नाही.

केतकीच्या प्रयोगाला नाही चालत! शाळेच्या प्रदर्शनात तुझी लेक काय दाखवणार होती, ठाऊक तरी आहे का? नुसत्या शुद्ध पाण्यातून दिवा लागण्याइतकी वीज जात नाही. त्यात आम्ल मिसळलं की दिवा लागतो. व्हिनेगरने मंद, गंधकाम्लाने लख्ख. महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात खपली पोर. आणि परीक्षकांसमोर शुद्ध पाण्याच्या भांड्यात तारा बुडवल्या, तर दिवा मिणमिणला. परीक्षक हसले. तू चार व्यापाऱ्यांदेखत तिच्यावर ओरडलास, "बस, हो गया तमाशा!" आणि अकरावीला तिचं नाव सायन्समधून काढून आर्ट्सला घातलंस. पोरीच्या डोक्यात विज्ञान शिरत नाही म्हणे. लाज नाही वाटली?

"भांडं मीच नीट धुतलं नव्हतं," असं केतकी म्हणाली. साफ खोटं. माझ्यासमोर घासूनपुसून धुतलं होतं तिने. पण परीक्षक यायच्या आधी, नजर लागू नये म्हणून, तू तिच्या टेबलावरून लिंबू उतरवलंस आणि तिथेच भांड्यांवर धरून कापलंस. लिंबाच्या रसात आम्ल असतं, गोपाळ. मला हे घरी आल्यावर कळलं, तिची घट्ट मिटलेली मूठ उघडली तेव्हा. तिला तिथल्या तिथे कळलं होतं. भांड्याच्या तळाशी बी दिसली, ती तिने गुपचूप उचलली. चारचौघांत बापाचं हसू होऊ नये म्हणून. वर मलाच शपथ घातली, बाबांना सांगू नकोस.

ती शपथ आज मोडते आहे, कारण सोमवारी विषय बदलायचा शेवटचा दिवस आहे आणि सही बापाचीच लागते. बी याच लिफाफ्यात आहे. आधी ती लेकीच्या हातात ठेवून तिची माफी माग. मग शाळेत ये, मी फाटकाशी उभी असेन.

रागावलेली, तरी तुझीच,
वासंतीताई