न कापलेला हौदा

पोर्टोबेलो, एडिनबरा
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय ज्ञानूकाका,

अक्षर ओळखलंत ना? मेडनहेडच्या घरात दर शनिवारी डायनिंग टेबलाशी बसवून तुम्हीच गिरवून घेतलंय ते, त्यामुळे वाकडं असेल तर थोडा दोष तुमचाही. इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हटल्यावर तुमच्या डोक्यात पहिलं काय येईल तेही मला माहीत आहे. तर, मी ठीक आहे. आई ठीक आहे. कुणी आजारी नाही, मी कुठे अडकलेली नाही, पोलिसांचा काही संबंध नाही. तुम्हाला एक विचारायचंय फक्त, पण एकदम विचारायची हिंमत होत नाहीये, म्हणून आधी गाडीचं सांगते. शेवटपर्यंत वाचा. मध्येच चहा करायला उठलात तरी परत येऊन वाचा.

मुळात मी तुम्हाला पत्र लिहू शकते का, हेच मला नीट कळलेलं नाही. तुम्ही आणि आई वेगळे झालात त्याचे कागद झाले, सह्या झाल्या. आपल्या दोघांचं काय झालं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. मी आठ वर्षांची असताना तुम्ही आमच्या घरात आलात, म्हणजे खरं तर आम्ही तुमच्या. सतराची असताना आम्ही पिनरला निघालो तेव्हा व्हॅनमध्ये माझी सायकल तुम्हीच बांधलीत आणि म्हणालात, "येत जा." ते खरंखुरं होतं की पाहुण्याला म्हणतात तसं, हे मी पुढे कित्येक दिवस चघळत बसले. आणि तुम्हीही फोन केला नाहीत, बहुतेक तुम्हीही तेच चघळत असाल. असो. गाडी.

नाही, गाडीच्या आधी मी इथे कशी आले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही विचाराल. ए-लेव्हलचं शिक्षण मी अर्धवट सोडलं, हे आईकडून कळलं असेल. मग केंटमध्ये सफरचंदं तोडली, एका माणसाची कालव्यातली बोट रंगवली, स्काय बेटावर एका होस्टेलच्या किचनमध्ये कांदे चिरले. तिथे समुद्रातली सीलं बघायला मिळायची, दगडावर अशी पडलेली असतात ना, जेवण जास्त झालेल्या काकांसारखी (तुमच्यासारखी नाही). एडिनबराला गेल्या वर्षी फेस्टिव्हलपुरती आले होते, एका डोशाच्या गाड्यावर काम करायला. फेस्टिव्हल संपला, गाडा गेला, मी राहिले. आशाताईंमुळे.

आशाताई म्हणजे डॉक्टर आशा. सत्तरी केव्हाच ओलांडली. कोल्हापूरच्या, इथल्या हॉस्पिटलात आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं, आणि बोलतात अशा की समोरचा खडबडून जागा व्हावा. रोज डोसा खायला यायच्या आणि रोज चटणीला नावं ठेवायच्या. गाडा बंद झाल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. बाग बघ, भाजी आण, संध्याकाळी माझ्याशी भांड. आजी मात्र म्हणायचं नाही. म्हणालीस की भाडं लावीन." तेव्हापासून मी ताई म्हणते.

त्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली एक फोर्डचा जुना पिकअप होता. कॉर्टिनाचं तोंड, मागे लांबलचक उघडा हौदा. त्यांच्या यजमानांनी, जयंतरावांनी, अलॉटमेंटवरच्या भाजीच्या वाफ्यांना माती आणि खत न्यायला घेतला होता. ते गेल्यापासून तो तसाच पडून, चाकांतली हवा गेलेली, दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेल्या. मी नुसती ताडपत्री उचलून बघत होते तर आशाताई मागून म्हणाल्या, "भंगारवाल्याला बोलवायचं कधीपासून मनात आहे, पण हात धजत नाही. तुला काही करता येतं का त्याचं?" आणि काका, माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. मला तर तेव्हा ब्रेक सोडून गाडीतलं काही धड माहीत नव्हतं.

हॉट रॉड करायचं डोक्यात कसं आलं ते विचारू नका. जवळच्या एका मैदानावर रविवारी जुन्या गाड्यांवाले जमतात, तिथे एक पाहिली आणि झोप उडाली. जुनी गाडी घ्यायची, तिच्या अंगावरचं जे जे नको ते काढून टाकायचं, खाली बसवायची, आणि इंजिन उघडं ठेवून छाती काढून पळवायची. लोक त्यात घर बांधून होईल एवढा पैसा ओततात. माझी भांडवलाची बाजू तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे माझी हॉट रॉड म्हणजे भंगाराच्या यार्डातून आणि आशाताईंच्या स्वयंपाकघरातून उभी राहिलेली. बॉनेट काढलं, बंपर काढले. मागच्या कमानपाट्यांत लोखंडी ठोकळे घालून ती खाली आणली. सीटा मोडीत निघालेल्या एका मिनीबसच्या. रेडिएटरचं उतू जाणारं पाणी धरायला आशाताईंचा दुधाचा कडीचा डबा बसवलाय, स्टीलचा, इतका शोभतो की मैदानावरचे लोक विचारतात कुठल्या दुकानातून मागवला. रंग भिंतीला देतात तसा रोलरने दिला, मॅट काळा. लांबून झकास दिसते. जवळ येऊ नका.

मदतीला कुशल असायचा. मूळ पिनरचा, जन्म ह्याच देशातला, एडिनबराला युनिव्हर्सिटीत शिकतो, आशाताईंकडे वरणभातासाठी येतो आणि मराठी बोलायची हौस दांडगी. पहिल्यांदा उघडं इंजिन बघून म्हणाला, "निधी, तुझी इंजिनला थंडी वाजेल, त्याला स्वेटर घाल." वेल्डिंग मात्र सुरेख करतो. दारांच्या कडा त्यानेच जोडल्या.

एका गोष्टीवरून मात्र सगळे माझ्यावर तुटून पडले, ती म्हणजे हौदा. पिकअपची हॉट रॉड करताना मागचा हौदा कापून आखूड करतात, त्याशिवाय तिला तो टुमदार, दबा धरून बसल्यासारखा डौल येत नाही. मी कापला नाही. कुशलने खडूने रेघसुद्धा मारून ठेवली होती, मी ती फडक्याने पुसली. मैदानावरच्या एकाने विचारलं, फर्निचर पोचवायचा धंदा काढतेस का? आशाताई म्हणाल्या, "पुढून वाघ आणि मागून मालगाडी, हे काय गं?" मी म्हटलं, राहू द्या, मला लांबच हवाय. कारण कुणालाच सांगितलं नाही. तुम्हाला सांगणार आहे, थांबा.

आता दसऱ्याचं. म्हणजे पत्र लिहायला बसले ते ह्याच्यामुळेच.

दसऱ्याला गाडी पहिल्यांदा घराबाहेर काढायची असं ठरलं. आशाताई सकाळपासून नटून बसलेल्या, पैठणी, वरून वॉटरप्रूफ जॅकेट. टेस्कोत झेंडू नव्हतेच, म्हणून पिवळ्या शेवंतीचा हार. स्टिअरिंगला हळदकुंकू झालं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. इथवर ठीक होतं. गेल्याच आठवड्यात मी दोन तोंडांचा कार्ब्युरेटर बसवला होता, कुठल्याशा मोडक्या सेडानचा, आणि त्याच्या वरचं फिल्टर अजून मिळालं नव्हतं. म्हणजे इंजिनाचा घसा आकाशाकडे आ करून उघडा. मी किल्ली घेऊन सीटवर बसलेली, पाय ॲक्सिलरेटरच्या वर. आणि आशाताईंनी मूठभर अक्षता घेतल्या आणि लग्नात टाकतात तशा, चांगला हात उंच करून, इंजिनावर टाकल्या.

कुशल ओरडला, "निधी! तुझी इंजिन भात खाल्ला!" आणि लगेच, "स्टार्ट कर, जोरात रेव्ह कर, सगळा उडून जाईल!" आशाताईंचा चेहरा पांढराफटक. "अगं, मी काय केलं हे," एवढंच म्हणत राहिल्या. जयंतरावांची गाडी होती ना ती.

काका, एरवीची मी असते तर किल्ली फिरवलीच असती. तुम्हाला ठाऊक आहे मी कशी आहे. पण मी किल्ली सीटवर ठेवली, पाय उचलून घेतला, खाली उतरले, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून इंजिनासमोर उभी राहिले.

आठवतं? लॉनमोअर उघडला होता तुम्ही, मी नऊ वर्षांची असेन. टॉर्च माझ्याकडे, आणि माझ्याच हातून नट आत पडला. मी घाईघाईने बोटं घातली आणि तो आणखी खोल गेला. मी रडायच्या बेतात. तुम्ही रागावला नाहीत. हात मागे बांधलेत, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे, आणि म्हणालात, "भिंगरे, हात मागे. आधी बघू तरी कुठे गेलाय तो." आपण दोघं तसेच उभे राहून त्या लॉनमोअरकडे बघत होतो, आणि आई खिडकीतून म्हणाली की हे काय, कवायत चाललीय का. त्यानंतर घरात काहीही पडलं, सांडलं, बिघडलं की हात मागे. गणिताच्या पेपरात नापास झाले तेव्हासुद्धा तुम्ही प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलंत आणि हात मागे घेऊन उभे राहिलात. ऑफिसात सॉफ्टवेअर तपासतानाही तुम्ही असंच करता असं म्हणायचात. लोक हसत असतील, मला तेव्हा वाटायचं.

तर मी हात मागे बांधून बघितलं. घशात खाली झडपा असतात, ॲक्सिलरेटर दाबला की उघडतात, नाहीतर मिटलेल्या. मी पाय दाबला नव्हता, त्यामुळे त्या मिटलेल्याच होत्या, आणि कुंकवाने लाल झालेले तांदूळ त्यांच्यावर निवांत बसले होते. किल्ली फिरवून पाय दाबला असता तर सगळे पोटात. मग हळूच नट सोडले, झडपांना धक्का न लावता कार्ब्युरेटर उचलला आणि आशाताईंच्या ताटात पालथा केला. लॉटरी लागल्यासारखा कुशल नाचला. आशाताई खुर्चीवर बसल्या, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "भूल देताना मी असंच करायची. कुणी शिकवलं तुला?"

मी म्हणून टाकलं, "माझ्या बाबांनी."

म्हटल्यावर माझं मलाच चमकल्यासारखं झालं. तो शब्द मी तुमच्यासमोर कधी वापरला नव्हता. तुम्ही कधी मागितला नाहीत, मी कधी दिला नाही. आणि इथे, तुम्ही चारशे मैलांवर असताना, तो आपला सहज निघाला, आणि आशाताईंनी पुढे काही विचारलंही नाही, त्यांना ते बरोबरच वाटलं.

आता कार्ब्युरेटरच्या दोन तोंडांवर दोन चहाच्या गाळण्या बसवल्यात. गाडी सुरू होते, खोकत नाही, आणि गेल्या गुरुवारी एमओटीच्या तपासणीत पास झाली. तपासणारा माणूस कडीच्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिला, पण नियमात त्याच्याबद्दल काही नव्हतं. पिकअप आता माझ्या नावावर आहे. आशाताई म्हणाल्या, जयंतला आवाज आवडला असता, शेजाऱ्यांचं आपण नंतर बघू.

आता विचारते. ऑगस्टमध्ये आईचा फोन आला होता. पडद्यांबद्दल बोलत होती, आणि मध्येच म्हणाली, "ज्ञानेश्वर नोव्हेंबरात कायमचा नागपूरला चाललाय. घर विकलं. सोडायला कुणी नाही त्याला, टॅक्सी करीन म्हणाला." मग म्हणाली, "मी आपलं फक्त सांगितलं," आणि परत पडद्यांवर गेली. दुसऱ्या दिवशी मी कुशलची खडूची रेघ पुसली. इतक्या वर्षांचं बिऱ्हाड घेऊन माणूस निघतो म्हणजे बॅगा किती असतील, त्या आखूड हौद्यात कशा मावणार? तेवढ्यासाठी तो लांब ठेवलाय, काका. मेडनहेडहून हीथ्रो अर्धा तासच आहे, मला माहीत आहे. पण त्या अर्ध्या तासासाठी मी दोन दिवस आधी इथून निघेन, हळूहळू येईन, वाटेत काही पडलंबिडलं तर थांबून बघेन. हीटर नाही, तेव्हा मफलर घाला. ताडपत्री मी आणते, पावसाने बॅगा भिजणार नाहीत. टॅक्सी सांगितली असेल तर रद्द करा. आणि दारात उतरल्यावर मी तुम्हाला बाबा म्हटलं तर चालेल का, तेही कळवा. नाही म्हणालात तरी बॅगा मीच नेणार. मागच्यासारखी चघळत बसणार नाही ह्यावेळी, आणि घाईने बोटंही घालणार नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत इथे हात मागे बांधून उभी आहे.

तुमचीच,
भिंगरी