आधारपेशीची बदली रद्द होण्याबाबत

प्रति,
मा. वाहतूक निरीक्षक साहेब (रेल्वे)
यांचे सेवेशी, मु. पांढुर्णा

विषय : गेटमन श्री. गुणवंता बोबडे यांची बदली रद्द करण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज. पहिल्यावर "हिंदीत लिहा" असे उत्तर आले, हिंदीतल्या दुसऱ्यावर काहीच आले नाही. सबब हा पुन्हा मराठीत.

महोदय,

१. सविनय निवेदन की, माझे सासरे श्री. नत्थूजी घागरे (आम्ही त्यांना मामाजी म्हणतो) यांनी गावाबाहेरच्या फाटकावर गेटमन म्हणून उभी हयात काढली. निवृत्तीनंतर त्यांना विसरण्याचा आजार जडला. मला ते "ओ बाई" म्हणतात, पोटच्या मुलाला पाहुणा समजतात. परंतु दिवेलागणीला न चुकता फाटकावर हजर होतात.

२. आपणांस विदितच आहे की, फाटक बंद झाल्याची खात्री म्हणून गेटमन स्टेशनला टेलिफोनवर प्रायव्हेट नंबर देतो. मामाजी नंबर ऐकल्याबिगर रुळाजवळून हलत नाहीत. त्यांच्याच हाताखाली शिकलेले गुणवंता रोज मनाचाच एखादा नंबर सांगतात, "सत्तेचाळीस, काकाजी! गाडी गेली, आता घरी जा." मामाजी तो पुटपुटत घरी येतात, दोन घास खातात व झोपतात. यावर कोणीतरी "बाहेरच्या माणसास गुप्त नंबर सांगितला" अशी तक्रार केली. साहेब, तो नंबर खोटा होता हो! बदली मात्र खरी निघाली.

३. मध्यंतरी गुणवंता रजेवर गेले, तेव्हा मामाजी फाटकाकडे निघायच्या आत मीच घराच्या दारात उभी राहून "सत्तेचाळीस" म्हटले. मामाजी खूश. दुसऱ्या दिवशीही मी सत्तेचाळीसच म्हटले. एकदा दिलेला नंबर पुन्हा द्यायचा नसतो, हे मला काय ठाऊक! सकाळची भाजी न आठवणारा माणूस कडाडला, "कालचाच नंबर देऊन राहिली का? गाडी ठोकशीन एखाद्याले!" आणि तडक रुळाकडे निघाला. समोरून मालगाडी. संत्र्यांची खोकी भरणाऱ्या हमालांनी त्यांना ओढून काढले, म्हणून आज हा अर्ज लिहून राहिले आहे. तेव्हापासून घरात दिलेला नंबर ते मानत नाहीत.

४. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितले, की मेंदूत काम करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या, खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केरकचरा काढणाऱ्या आधारपेशी वेगळ्या. हा आजार किती झपाट्याने वाढतो, यात आधारपेशींचाही हात असावा, असा आता संशय आहे. नक्की अजून कोणालाच ठाऊक नाही. त्या बिथरल्या, तर ज्यांना सांभाळायचे त्यांनाच बाधतात म्हणे. बाकी मला समजले नाही, एवढे मात्र चांगलेच समजले. सासूबाई केसरबाई गेल्या आणि मामाजी एका हिवाळ्यात अर्धे झाले. उरलो मी आणि गुणवंता. त्यातली मी हल्ली बिथरते. परवा त्यांच्या अंगावर ओरडले, मग चुलीपाशी बसून रडले. थकले हो मी, साहेब.

५. आपल्या खात्यात आधारपेशी असे पद मंजूर नाही, हे मी जाणते. गुणवंतांच्या पगारपत्रकात त्याचा उल्लेख नसणार. तरीही ते काम ते करतात आणि त्या कामावर दुसरा माणूस नाही.

६. सबब बदली रद्द व्हावी, ही विनंती. नियमात बसतच नसेल, तर निदान नव्या गेटमनला तोंडी सांगावे, की संध्याकाळी धोतर आणि जुना निळा कोट घातलेला एक म्हातारा येईल. त्याला हाकलू नये, हसू नये. त्याला एक नंबर सांगावा. कोणताही चालेल. फक्त कालचा नको.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
आपली नम्र,
सौ. उषा हेमंत घागरे
पांढुर्णा, दि. ९ नोव्हेंबर १९८८

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, मामाजींच्या निवृत्ती आदेशाची नक्कल.