पोरीच्या नावाचं मूळ

कोरेगाव, ता. ९ जून २०२५

चि. इंद्रजितास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तू पोटभर जेवतोस ना, ते आधी कळव. तुझी लेक नऊ महिन्यांची झाली तरी अजून नुसती बाळी. तू सुटेपर्यंत बारसं नको आणि तिला जाळीपाशी भेटीला आणायचं नाही, हे तुझे दोन्ही हट्ट तुझी बायको समीक्षा मुकाट्यानं पाळते. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या बसलीय हात चोळत!

नाव मात्र सापडलंय. वेल्समध्ये कामाला होते तेव्हा मी मेगन आजींना सांभाळायची. दिवेलागणीला बटण दाबून मी हात जोडले की त्या हसून म्हणायच्या, गोलाय. म्हणजे त्यांच्या वेल्श भाषेत उजेड. ठेवू?

तुझी माया अशीच राहू दे.
क्रांती

सांगली कारागृह, ता. २० जून

ती. अक्कास शि. सा. न.

गोलाय ठेवलंस तर पोरं तिला चेंडू म्हणतील. थट्टा पुरे. जामीन पुन्हा फेटाळला. इथं दिवा रात्रभर जळतो, उजेडाचा वीट आलाय. आणि शेताच्या पाण्याच्या पाळीवरून बांधाशेजारच्या जोतिबाला दगड मीच मारला, त्याचा डोळा गेला. माझ्या पोरीला उजेडाचं नाव कुठल्या तोंडानं ठेवू? ती मोठी झाल्यावर लोक काय म्हणतील?

रागावू नकोस, पत्र धाड.
इंद्रजित

कोरेगाव, ता. २ जुलै

चि. इंद्रजितास आशीर्वाद.

आजी सांगायच्या, त्या शब्दातला 'गो' म्हणजे जरासा, खालचा. पुढचा भाग म्हणजे उजेडाचाच जुना शब्द. त्यांचा मास्तर जावई म्हणायचा की आपली 'रुची' त्याच मुळातली, संस्कृतात तिचा एक अर्थ तेजच. म्हणून रुची ठेवूया. लखलखाट नको, जरासा पुरे.

तुला न विचारता मी बाळीला घेऊन जोतिबाच्या घरी गेले. नावाचा अर्थ सांगून चालेल का विचारलं. बनाबाई नवऱ्याआधीच बोलली, की पोरीनं काय केलंय, तिला कशापायी अडकवून ठेवलंय, घाला की बारसं. मग जोतिबानं बाळीला मांडीवर घेतलं आणि तुला निरोप दिला, की माफी बिफी काय न्हाई, पर नाव ठेवा. मी एका डोळ्यानं का हुईना पोरगी बघितली, तू दोन डोळं असून अजून बघितली न्हाईस.

यावर काय ते लिही. लोभ आहेच.
क्रांती

सांगली कारागृह, ता. ११ जुलै

ती. अक्कास सा. न.

बारसं करा. घुगऱ्या पहिल्यांदा जोतिबाकडे द्या.

भेट मंगळवारी असते. रुचीला आणा.

तुझा इंद्रजित